‘भ’ की ‘प’?

तन्मयीला सगळं जग आईच्या आवाजात ऐकू यायचं. रिक्षावाला "तिकडं जात नाही" म्हणायचा तो आईच्या आवाजात, आणि ती कामाला होती त्या बियाणे प्रयोगशाळेतले साहेब खेकसायचे तेही आईच्याच आवाजात. त्यामुळे साहेबांचा रागसुद्धा तिला कधी नीट यायचा नाही. सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकू येऊ लागलेल्या मुलीने तक्रार तरी कशाची करायची?

तिच्या कानामागे आठ महिन्यांपूर्वी बसवलेल्या यंत्राचं नाव होतं पूरककर्ण. उणं पडेल ते भरून काढणारा कान. तिच्या श्रवणाच्या नसा जन्मापासून निकामी होत्या, जुन्या धाटणीची यंत्रं तिथे हात टेकत. पूरककर्ण नसांना वगळूनच काम करायचा. बोलणं मायक्रोफोनने टिपायचं, चष्म्याच्या काडीतल्या कॅमेऱ्याने समोरच्याचे ओठ पाहायचे, त्यातून शब्द ठरवायचा आणि तो थेट मेंदूत पोचवायचा. गोंगाटात जे निसटेल ते अंदाजाने भरायचं. हा अंदाज माणसागणिक वेगळा, कारण ज्याने त्याने आयुष्यभर जे बोलणं अनुभवलं त्यावर तो बेतलेला. तन्मयीच्या बाबतीत ते बोलणं एकाच माणसाचं होतं.

आई, म्हणजे रूपालीताई, साताऱ्याच्या एसटी आगारात आरक्षणाच्या खिडकीवर होत्या. मुलगी दीड वर्षाची असताना तिला ऐकू येत नाही हे कळलं. दोन दिवस रडून झाल्यावर त्या कामाला लागल्या. ओठ वाचायला शिकवणं वाटतं तितकं सोपं नसतं. आरशासमोर उभं राहून प, ब, भ, म म्हणून पाहा, ओठ चारही वेळा सारखेच मिटतात. त्यावर रूपालीताईंनी स्वतःची युक्ती काढली. लेकीचा हात त्या आपल्या गळ्यावर ठेवायच्या. गळा थरथरला की ब किंवा भ. नाकही थरथरलं की म. सगळं गप्प राहिलं की प. खिडकीवर रांग खोळंबलेली असायची आणि काचेमागे एक चिमुकला हात आईच्या गळ्याला चिकटलेला असायचा. लोक कुरकुरायचे, त्या खुशाल कुरकुरू द्यायच्या.

रोजचा धडा त्या मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवायच्या. वीस वर्षांचं ते घबाड डॉ. सरंजाम्यांच्या हाती आलं तेव्हा पूरककर्ण बनवणारा हा शास्त्रज्ञ लहान मुलासारखा हरखला. तन्मयीच्या यंत्राचा अंदाज आणि आवाज दोन्ही त्यावरूनच घडणार होते.

"म्हणजे हे यंत्र ऐकत नाही, अंदाज बांधतं?" रूपालीताईंनी तेव्हा विचारलं होतं.

"आपणही तेच करतो, ताई. मांडवात बँड वाजत असतो, कुणीतरी 'जे...त ना?' म्हणतं, आणि तुम्हाला 'जेवलात ना?' ऐकू येतं. मधलं अक्षर कानाने ऐकलेलं नसतं, डोक्याने भरलेलं असतं."

"आणि डोक्याने भलतंच भरलं तर?"

"तर ते भलतं आहे असं वाटतच नाही. गोची तिथेच आहे. पण शंभरात दोनदा, फार तर."

"माझं तर शंभरात दहादा चुकतं," त्या हसल्या. "बसवा."

परवा दुपारी रूपालीताई स्वयंपाकघरात कोसळल्या. उजवं अंग लुळं पडलं, आवाज गेला. रुग्णालयातल्या आपत्कालीन कक्षात यंत्रांची पीपी, स्ट्रेचरांचा खडखडाट, नातेवाइकांची रडारड चालू होती. एक तरुण डॉक्टरीण घाईने म्हणाल्या, "गुठळी विरघळवतोय. उद्या सकाळपर्यंत त्यांना अजिबात भिऊ देऊ नका."

आईच्या आवाजातली आज्ञा ती. तन्मयीने ती मनोभावे पाळली. वॉर्डात हलवल्यावर ती आईच्या केसांतून हात फिरवत राहिली, हसत राहिली. तासाभराने आईचे कोरडे ओठ हलले. पाणी. तन्मयीने बाटली उघडली आणि झाकणाने दोन घोट पाजले. तेवढ्याने आई काळीनिळी पडली.

"पाणी कुणी दिलं?" सिस्टर धावत आल्या. "गिळता येत नाही त्यांना! सरळ फुप्फुसात गेलं! डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का?"

"डॉक्टर म्हणाल्या," तन्मयी रडत म्हणाली, "भिऊ देऊ नका."

आज सकाळी डॉ. सरंजाम्यांनी यंत्रातली नोंद पडद्यावर काढून दाखवली. डॉक्टरीण म्हणाल्या होत्या, 'पिऊ देऊ नका.' ओठांवरून प की भ ते कळणं शक्य नव्हतं. आवाजावरून 'पिऊ' किंचित वरचढ होतं. मग यंत्राने आईचं बोलणं धुंडाळलं. 'भिऊ' हा शब्द तिथे एकोणीस हजार वेळा होता. शाळेच्या फाटकाशी, रस्ता ओलांडताना, इंजेक्शनच्या वेळी, प्रत्येक धड्याच्या शेवटी. भिऊ नको, तनू.

"यंत्र बिघडलेलं नाही," सरंजामे मान खाली घालून म्हणाले.

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं, सर."

"आईचं बोलणं त्यातून काढून टाकता येईल. चुका कमी होतील. पण मग आवाज यंत्राचाच असेल, कोरडा."

"आणि आईचा?"

"तो पुन्हा घालता येणार नाही. विचार कर, घाई नाही."

पण घाई होती. वॉर्डात आईच्या नाकात नळी होती, छातीत घरघर होती, आणि वाचण्याची खात्री कुणीच देत नव्हतं. तन्मयी जवळ बसली तशी आईने डोळे उघडले. ओठ मिटले, उघडले.

भिऊ नको, तनू, असं अगदी स्वच्छ ऐकू आलं.

तन्मयीने चष्मा काढला, यंत्र बंद केलं. सगळं शांत झालं. तिने लहानपणासारखा हात आईच्या गळ्यावर ठेवला आणि मान हलवून खुणावलं, पुन्हा म्हण. ओठ पुन्हा तसेच मिटले, उघडले. गळा थरथरला नाही. म्हणजे प. ‘पिऊ दे.’ आई पाणी मागत होती, आणि तिला ते देता येत नव्हतं. किंवा मग आईकडे आवाजच उरला नव्हता, आणि आवाज नसलेल्या माणसाचं प्रत्येक अक्षर हाताला प लागतं.

आईने तिसऱ्यांदा तेच म्हटलं. तन्मयीने यंत्राच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. ते काय सांगेल हे तिला आधीच ठाऊक होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या दोन शब्दांची तिला भीती वाटली.