तीन तिरप्या ओळी

“मॅडम, रागावणार नसाल तर... इथं काहीतरी चुकलंय.”

प्रबंधाच्या चार प्रती घ्यायला ती दुकानात शिरली, तर छपाईवाला सत्तेचाळिसावं पान धरून उभा. पाच वर्षं घासून लिहिलेल्या प्रबंधात हा चूक काढणार! तिला हसूच आलं.

“गणित कळतं तुम्हाला?”

“ओ की ठो कळत नाही. पण सगळीकडे मधल्या तिरप्या ओळीच्या वरची अन् खालची ओळ सारखी आहे. इथं मात्र वर एक, दोन, तीन... आणि खाली एक, चार, नऊ.”

तिच्या पायाखालची जमीन सरकली. कधीच न संपणाऱ्या आकड्यांच्या चौकटी हे तिचं काम. तीन तिरप्या ओळी, बाकी सगळी शून्यं. आणि अशा चौकटीचा वर्णपट, म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या खास आकड्यांचा संच कोणता, हा प्रश्न. तिचे खरे आकडे एक, चार, नऊ असे धावत होते आणि सिद्धता मात्र एक, दोन, तीन धरून केलेली! मुख्य प्रमेयच कोसळलं, आणि शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता.

“ते प्रकरण गाळून टाक,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. “डिग्री तरी पदरात पडेल.”

“नाही सर. सहा महिने द्या. चूक माझी आहे, निस्तरेनही मीच.”

ती हट्टाला पेटली. दर दोन दिवसांनी एक नवं पान छापून घ्यायला दुकानात यायची. तो ओळींवरून बोट फिरवायचा, आणि त्या शाई लागलेल्या बोटाकडे बघताना तिचं वाचायचं राहून जायचं.

“या ओळी शेवटी जातात कुठं?” त्यानं एकदा विचारलं.

“अनंताकडे. आकडे इतके भराभर वाढतात की नुसत्या चौकटीवरून काही ठरत नाही. पार टोकाशी एक अट आपणच घालावी लागते. जशी अट, तसा वर्णपट.”

“मग घाला की!”

ती घरी गेली आणि प्रत्येक अटीचा हिशोब लावत बसली. पाचव्या महिन्यात नवं प्रमेय उभं राहिलं, जुन्याहून देखणं.

बांधलेल्या प्रती तिच्या हातात देताना तो घुटमळला. “आता येणं संपलं, नाही? एकेका पानासाठी इतकी पायपीट केलीत... घरी प्रिंटर घ्यायचा होतात.”

“आहे घरी.”

“म्हणजे... बिघडलाय?”

“छान चालतो.” तिचे कान तापले, पण ती मागे हटली नाही. “तुम्ही आवडता मला. म्हणून येत होते... आणि येणार आहे. फक्त एक अट. आता मला मॅडम म्हणायचं नाही.”

त्यानं जोरजोरात मान हलवली. चेहरा असा फुलला होता की लपवता लपेना.

“बरं, मॅडम!”