सात नंबरचा खांब

शरणपूर रोडजवळच्या एका जुन्या वसाहतीचा पुनर्विकास चालू होता. त्यातली रस्त्याकडेची तीन मजली ऑफिस-इमारत मी आखली होती. सिमेंट फक्त पायात. वर खांब, तुळया, मजल्यांची तक्तपोशी सगळं सागाचं. फळ्या भट्टीत वाळवून, एकीवर एक चिकटवून केलेले खांब. माझं हे पहिलंच लाकडी काम, म्हणून ओलावा मी स्वतः मोजायचे. मीटरच्या दोन सुया लाकडात टोचायच्या, आकडा बघायचा. बारा टक्क्यांच्या आत असला की झालं.

एप्रिलमधल्या एका सोमवारी तळमजल्यावरच्या सात नंबरच्या खांबाने एकतीस दाखवले. बुधवारी चोपन्न. शनिवारी ब्याऐंशी.

साइट इंजिनिअर दिनेशने पाण्याची एकूण एक लाइन तपासली. गळती नव्हती. शेजारचे खांब कोरडे ठणठणीत. बाहेर चाळीस अंश ऊन, आणि या खांबाला हात लावला की गार लागायचं.

"मॅडम, एवढं पाणी तोडलेल्या लाकडात नसतं," दिनेश म्हणाला.

वरच्या मजल्यांवर माणसं काम करत होती. खांब कुजला तर काय होईल, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तो बदलायचं मी ठरवलं.

मुख्य सुतार झुंबर, सुरगाण्याकडचा. तो करवतीला हात लावेना.

"ताई, ह्याला नका कापू. हा उभा हाय."

"सगळेच उभे आहेत, झुंबरभाऊ."

"नाय. बाकीचे आपण उभे केले."

शेवटी दिनेशनेच कापला. आधी माणसं खाली उतरवली, तुळईखाली चार जॅक लावले. पातं फिरलं तसा ओल्या पाल्यासारखा वास सुटला. खांब दोन तुकड्यांत काढून आम्ही आडवा ठेवला.

दिनेश जॅकच्या काट्यापाशी वाकला. मग दुसऱ्यापाशी. मग परत पहिल्यापाशी.

"काय झालं?"

"शून्य, मॅडम. चारही शून्य. भार जॅकवर आलाच नाही."

त्याने एक जॅक बोटभर उतरवला. मग उरलेले तिन्ही. जॅक आणि तुळईमध्ये फट पडली, तिच्यातून पलीकडचं ऊन दिसलं.

तुळई हलली नाही.

झुंबर केव्हाच फाटकाबाहेर जाऊन उभा होता.

मी खांबाच्या रिकाम्या जागेपाशी गेले. हात पुढे केला.

बोटांना साल लागली. ओली, खडबडीत.

मी हात झटकन मागे घेतला. मनगटावर तीन मुंग्या चढल्या होत्या.