भिंगरीच्या पाण्यात काय होतं?

"माझ्या साखरेच्या गोळ्यांनी एका पोरीचं धावणं संपवलं, असं लोक म्हणताहेत," डॉक्टरीणबाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या.

आत्याने चष्मा कपाळावर सरकवला. भाच्याने पाण्याचा पेला पुढे केला. आत्या खासगी तपास करायची. विमा कंपनीतली नोकरी सुटल्यापासून तो तिची गाडी चालवायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचा आणि प्रत्येक प्रकरणात अगदी पहिल्यांदा चुकीच्याच माणसावर संशय घ्यायचा.

डॉक्टरीणबाई होमिओपॅथीच्या. त्यांच्याकडे येणारे निम्मे लोक खेळाडू. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाची पोटरी धरलेली. त्यांच्यातच लांब पल्ल्याची धावपटू भिंगरी. सराव वाढवला तसा तिचा गुडघा सुजायला लागला होता.

"वेदनाशामक गोळी ती हातात धरत नसे. खेळाडूंची तपासणी होते ना. मी मुका मार आणि सुजेवरच्या गोळ्या दिल्या. पाण्याच्या बाटलीत विरघळवायच्या आणि दिवसभर घोट घोट घ्यायच्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आराम पडला, स्पर्धेत पहिली आली. आणि तपासणीत बंदी असलेलं स्टेरॉइड निघालं."

"बाटली तपासली?"

"तळाशी तेच स्टेरॉइड सापडलं. माझी गोळ्यांची डबी स्वच्छ निघाली. पण क्रीडा संघटनेचे लोक म्हणतात, डबी मी मागाहून बदलली असेल."

"बाटलीत आणखी काय पडायचं?"

"प्रशिक्षकांची मीठ-साखरेची पूड. मैदानावर तेच घालायचे."

भाच्याचा संशय तिथेच पक्का झाला.

*

मैदानावर प्रशिक्षक शिट्टी गळ्यात अडकवून उभे होते. कपाळावर कायमची आठी.

"पूड एकाच डब्यातून सगळ्यांना देतो," ते म्हणाले. "तपासणी चौघांची झाली. बाकी तिघं सुटले. आणि खरं सांगू? मी तिला स्पर्धेतून माघार घ्यायला सांगत होतो. शिबिरात तिचा गुडघा टम्म फुगला होता."

आत्या थबकली. "कुठलं शिबिर?"

"स्पर्धेच्या थोडं आधी, डोंगरावर आठवडाभर होतो. पाणी, पूड, त्या बाईंच्या गोळ्या, सगळं रोजच्यासारखं. तरी ही लंगडायला लागली. घरी परतली आणि पुन्हा हरणासारखी पळायला लागली. मला वाटलं, डोंगरावरची थंडी बाधली असेल."

"त्या दिवसांत तिची झोप कशी होती?"

"शिबिरात? मेल्यासारखी झोपायची. उठवताना नाकीनऊ यायचे."

गाडीत बसल्यावर भाचा म्हणाला, "हा माणूस भलताच सरळ बोलतो. मला खटकतंय."

"तुला सरळ माणसंच खटकतात," आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

*

भिंगरीचं घर दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याचं. दार तिने स्वतःच उघडलं. अंगाने काटकुळी, पण चेहरा अंमळ सुजल्यासारखा.

"मी काहीही घेतलेलं नाही," ती म्हणाली. हेच वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं असावं की त्यात आता जोर उरला नव्हता.

"माझा विश्वास आहे. गुडघ्याला आराम पडला, तेव्हा आणखी काय बदललं?"

तिने आठवून सांगितलं. "भूक. सारखी भूक लागायची. आणि झोप उडाली. रात्रभर टक्क जागी. शिबिरात तेवढी झोप लागली, पण तिथे गुडघ्याने दगा दिला."

"सुट्टीच्या दिवशी? मैदानावर जायची नाहीस तेव्हा?"

"तेव्हाही गुडघा छानच असायचा. भूकही तशीच."

तिचा नवरा आतून आला. औषधांच्या दुकानात कामाला होता. भाच्याने कान टवकारले.

"बाटली सकाळी कोण भरतं?" आत्याने विचारलं.

"जो आधी उठेल तो," नवरा म्हणाला. "शिबिराला मात्र मीच भरायचो. रजा टाकून सोबत गेलो होतो. बर्फाने शेकणं, पाय चेपणं, सगळं मीच केलं. उपयोग शून्य."

खिडकीशी आरामखुर्चीत सासरे बसले होते. दर चार शब्दांनी थांबून ते श्वास गोळा करत.

"काकांना दमा आहे का?"

"जुनाच आहे. गळ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना गोळी उतरत नाही, म्हणून पातळ औषध आणतो दुकानातून," नवरा म्हणाला. "हल्ली फारच वाढलंय. पहाटेच उठून बसतात. डॉक्टर म्हणतात, औषध तेच, मात्रा तीच, मग का वाढतंय?"

"मधे बरा होतो हो," सासरे हसले. "ही दोघं शिबिराला गेली तेव्हा. एकटाच होतो, पण छान झोपलो."

जिना उतरताना भाचा आत्याच्या कानाशी लागला. "सून घरात नसली की सासऱ्याला बरं वाटणारच. पण नवरा बघितलास? औषधांच्या दुकानात! याहून उघड काय हवं?"

आत्या जिन्यातच थांबली. तिने एका हाताने कठडा धरला. मग हळूच म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांना इथेच बोलाव. मला हे सांगायला आवडणार नाहीये."

*

सकाळी त्या छोट्या खोलीत दाटीवाटीने सगळे बसले. डॉक्टरीणबाई कोपऱ्यात अंग चोरून.

"औषध पोटात जात होतं तेव्हा भिंगरीचा गुडघा उतरायचा, भूक वाढायची, झोप जायची," आत्याने सुरुवात केली. "ही सगळी स्टेरॉइडची लक्षणं. म्हणजे औषध कधी मिळत होतं आणि कधी नाही, हे तिच्या शरीरानेच सांगितलंय. शिबिरात मिळत नव्हतं. तिथे काय होतं? डॉक्टरीणबाईंच्या त्याच डबीतल्या गोळ्या होत्या. प्रशिक्षकांची पूड होती. नवराही होता, बाटली तोच भरत होता. म्हणजे तिघंही सुटले. शिवाय सुट्टीच्या दिवशी प्रशिक्षक नसतानाही आराम पडत होता. शिबिरात एकच गोष्ट नव्हती. हे घर."

भाच्याने नवऱ्यावरची नजर काढून घेतली.

"घरात मागे राहिलं एकच माणूस. त्याच्याकडे पाण्यात सहज मिसळेल असं पातळ औषध होतं, दम्याचं, स्टेरॉइडचं. पहाटे सगळ्यांत आधी जाग त्यालाच यायची. आणि सून घरी असली की त्याचा दमा वाढायचा, ती गेली की उतरायचा. मात्रा बदललेली नसताना." आत्याचा आवाज खाली आला. "कारण ती मात्रा त्याच्या पोटात जातच नव्हती. काका, तुम्ही तुमच्या वाटचं औषध तिला देत होतात."

भाच्याच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

सासरे खाली बघत होते. "ही जिना आडवी उतरायची," ते थांबत थांबत म्हणाले. "भिंतीला धरून. वाटायचं, कुणी बघत नाही. साखरेच्या गोळ्यांनी काय होणार? माझ्या औषधाने सूज उतरते, असं डॉक्टर म्हणाले होते. वेदनाशामक चालत नाही हे ठाऊक होतं. हे तर श्वासाचं... अहवाल आला तेव्हा कळलं. मग तोंडच उघडेना. या बाईंवर आळ आला, तोही बघत बसलो."

त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहून हात जोडले.

"गुडघा इतक्या झटकन उतरला, तेव्हा मला शंका यायला हवी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मी खूश झाले. आज आधी क्ष-किरण फोटो काढू. माझ्या गोळ्यांचं नंतर बघू."

फोटोत गुडघ्याखालच्या हाडाला बारीक चीर निघाली. आणखी एक शर्यत झाली असती तर पाय गेलाच असता. पुढे सासऱ्यांनी संघटनेसमोर लेखी जबाब दिला. डॉक्टरीणबाईंवरचा आळ धुतला गेला. जिंकलेलं पदक मात्र परत करावं लागलं आणि भिंगरीला पुढचा हंगाम बाहेर बसावं लागलं.

पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंगरी उठली, लंगडतच सासऱ्यांच्या औषधांच्या फळीपाशी गेली. भाच्याला वाटलं, आता ही औषधाची बाटली भिरकावणार. तिने औषध मापात ओतलं आणि सासऱ्यांसमोर धरलं. डोळे रागाने भरलेले.

"घ्या बाबा," ती म्हणाली. "सगळं. माझ्यादेखत."

ते प्यायले. माप रिकामं होईपर्यंत ती तिथून हलली नाही.