बोलायचं बटण

प्रितमला मी आधी ऐकलं, पाहिलं नंतर.

फ्लाइंग क्लबमधला माझा पहिलाच आठवडा होता. हेडफोन शेडमध्ये विसरले म्हणून परत गेले, तर उभ्या विमानातून एका मुलाचा आवाज येत होता. "तेल बघितलं… पेट्रोल बघितलं… दार लावलं… आता पट्टा. पट्टा कुठंय? हा काय पट्टा." मला वाटलं, फोनवर कुणाला तरी शिकवतोय. वाकून आत बघितलं, तर एकटाच.

"कुणाशी बोलतोयस?" मी विचारलं.

तो दचकला. मग शहाण्यासारखा चेहरा करून म्हणाला, "विमानाशी. नवीन आहे ना, बुजतं."

"विमान, का तू?"

"दोघंही," तो म्हणाला आणि इतकं मोकळं हसला, की मी हेडफोन न घेताच परत आले.

पुढं कळलं, की हा असाच. हात जे करतील ते तोंडानं म्हणत राहायचं, त्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आम्हाला शिकवणाऱ्या कॅप्टन सुमनताई कपाळाला हात लावायच्या, पण त्याचं उड्डाण इतकं नीटनेटकं असायचं, की बोलायला जागा राहत नसे. माझं उड्डाण चांगलं होतं, उतरणं मात्र जरा जोरात. प्रितम म्हणायचा, "तू विमान उतरवत नाहीस, कांद्याची गोणी टाकतेस." मी म्हणायचे, "गोणी फुटली का? नाही ना? मग झालं." आम्ही चाकणचे लोक, कांद्यावरून आम्हाला कुणी चिडवू शकत नाही.

आमची धावपट्टी चाकणच्या वरच्या अंगाला, माळावर. माझं गाव तिथून हाकेच्या अंतरावर. अण्णा म्हणजे माझे वडील. ते कंपनीत शिफ्ट करतात आणि उरलेल्या वावरात कांदा लावतात. प्रितम पिंपरीतल्या संत तुकाराम नगरचा. दिवसभर हवेत आणि जमिनीवर आम्ही एकमेकांना टोमणे मारत असू आणि संध्याकाळी तो मोटरसायकलला किक मारताना उगाचच एकदा मागं वळून बघत असे. मीही उगाचच तिथं उभी असे… आता हे सगळं उगाचच होतं का, ते तुम्हीच ठरवा.

तो काही बोलत नव्हता. विमानाशी, पट्ट्याशी, चहाच्या कपाशी बोलणारा हा मुलगा, नेमकं हवं तिथं त्याचं तोंड शिवलेलं. का, ते मला माहीत होतं. त्याचं घर बौद्ध, आमचं गावातलं पाटलाचं. लग्नाची गोष्ट निघाली की आमच्याकडे काय काय निघतं, ते त्यालाही माहीत होतं. पण मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. नुसतं मनात ठेवून आपणच दोघांच्या वतीनं निर्णय घेणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो.

म्हणून एके दिवशी चहा पिताना मीच सांगून टाकलं, की रविवारी माण गावाहून मला बघायला पाहुणे येणार आहेत, मुलगा आयटीत आहे. सांगितलं आणि त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. तो कितीतरी वेळ चहा ढवळत होता. मग म्हणाला, "माणला ट्रॅफिक फार असतं…"

एवढंच. माझा चहा तसाच राहिला. मी मनाशी ठरवून टाकलं, की रविवारच्या आत हा एक शब्द बोलला तर ठीक, नाहीतर त्या मुलाला मी हो म्हणणार. नाही म्हणायला माझ्याकडे दुसरं कारणच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी आम्हा दोघांना एकेकट्यानं विमान न्यायचं होतं. दसरा होऊन गेला होता, ऊन चांगलं कडक होतं, हवामानाचा अंदाजही स्वच्छ. सुमनताईंनी मला दक्षिणेला इंद्रायणीपर्यंत जाऊन यायला सांगितलं, प्रितमला उत्तरेला खेडच्या बाजूला. निघताना त्यानं अंगठा दाखवला. मी बघितलंच नाही. म्हणजे बघितलं, पण दाखवलं नाही.

वर गेल्यावर राग टिकत नाही, ही विमानाची एक वाईट खोड आहे. खाली कारखान्यांची निळी छपरं, ट्रकांच्या रांगा, मैदानात ओळीनं उभ्या केलेल्या नव्याकोऱ्या गाड्या, पलीकडे चिखलीच्या इमारती आणि त्यांच्यामधून नदी. सगळं इतकं शांत दिसत होतं, की मी दोन वळणं जास्तच घेतली. आणि परतीला वळले तेव्हा समोर चाकण नव्हतं.

म्हणजे चाकण जागेवरच असणार. पण आळंदीच्या बाजूनं आभाळ कधी भरून आलं, कधी सरकलं, काही कळलं नव्हतं. माझ्या आणि धावपट्टीच्या मध्ये पावसाचा राखाडी पडदा खालपर्यंत लोंबत होता. उजवीकडे जावं तर तिथून लोहगाव विमानतळाची हद्द, आम्हाला बंदी. विमान हलायला लागलं. मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, चांगलीच वाटली.

क्लबला विचारावं म्हणून मी रेडिओचं बटण दाबणार, तेवढ्यात कानात आवाज आला.

"…हे बघ, चाकणवर पडदा पडला. पडू दे. आपण उत्तरेकडून आलोय, आपल्याला पट्टी दिसतेय. वेग बघ. वेग ठीक."

प्रितम. मराठीत. रेडिओवर कामापुरतं आणि इंग्रजीतच बोलायचं, हा सुमनताईंचा नियम सगळ्यांना पाठ. मी बटण दाबून क्लबला हाक मारली, पण बटण सोडलं की पुन्हा त्याचाच आवाज. मग लक्षात आलं. त्याचं बोलायचं बटण आत अडकून बसलं होतं. ते दाबलेलं असेपर्यंत त्याचा आवाज सगळ्यांना जाणार, आणि त्याला मात्र कुणाचंच काही ऐकू येणार नाही. आमचंही एकमेकांशी बोलणं बंद. भर आभाळात मला ऐकू येत होता तो फक्त हा बडबड्या.

"कुणीच बोलत नाही," तो म्हणत होता. "रेडिओ गेला वाटतं. बरं. हर्षाली कुठंय? ती नदीकडं गेली होती. ती सरळ चाकणवरूनच येणार, तिला वाकड्या वाटेनं यायला कुठं आवडतं… सरळ येऊ नकोस गं. भामचंद्राकडून ये. तिकडं उजेड आहे. डोंगर डाव्या हाताला ठेव आणि ये. माझं कधी ऐकत नाहीस, आज तरी ऐक."

मी डावीकडे बघितलं. भामचंद्राच्या डोंगरावर खरंच ऊन होतं. मी नाक तिकडं वळवलं. त्याला ठाऊकही नव्हतं, की मी ऐकतेय.

डोंगर डाव्या हाताला ठेवून मी येत राहिले. उजव्या काचेवर पावसाचे थेंब आडवे पळत होते, डावीकडे ऊन. आणि कानात तो.

"वाऱ्याची पिशवी बघ. वारा उजवीकडून, चांगलाच आहे. उजवा पंख जरासा खाली ठेवायचा. पटकन उतर प्रितम, पट्टी मोकळी कर, ती मागून येईल. फ्लॅप टाकले. वेग बघ." मग जरा थांबून, वेगळ्याच आवाजात, "माणला ट्रॅफिक फार असतं म्हणे… गाढवा. तेच सुचलं का तुला बोलायला? ती बघत होती तुझ्याकडं. वेग बघ. आवडते ना ती? पहिल्या दिवसापासून आवडते. मग सांगायला काय होतं? तिच्या घरी काय म्हणतील ते नंतर, तिला तर सांग. वेग बघ रे… एकदा ती नीट खाली येऊ दे, मग सांगतो. नक्की सांगतो. टेकलं. टेकलं बरं का."

मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. इतका वेळ भीती होती, आता खाली जायची घाई होती.

पट्टी दिसली. कडेला सुमनताई हिरवा दिवा दाखवत उभ्या होत्या आणि आमचा मेकॅनिक बंटी त्यांच्यावर छत्री धरून होता. वारा उजवीकडून होता. मी उजवा पंख जरासा खाली ठेवला आणि उतरले. त्या दिवशी गोणी पडली नाही. पाकळी पडावी तशी चाकं टेकली.

मी विमानातून उतरले तेव्हा सर सुरू झाली होती. प्रितम शेडमधून धावत येत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बंटीनं त्याला सांगितलं असणार. क्लबच्या खोलीत रेडिओला मोठा स्पीकर आहे. जे मी ऐकलं, ते झाडून सगळ्यांनी ऐकलं होतं.

आम्ही पंखाखाली उभे राहिलो. तो माझ्याकडे बघत नव्हता, ओल्या चाकाकडे बघत होता.

"ते… चुकून गेलं," तो म्हणाला. "बटण अडकलं होतं."

"बटणच अडकलं होतं ना? का तूही?"

"हर्षाली, तू ते मनात धरू नकोस. मी माझ्याशीच बोलत होतो."

"मग आता माझ्याशी बोल."

पाऊस पंखावर ताडताड वाजत होता. त्यानं मान वर केली. "तू आवडतेस मला," तो म्हणाला. "फार आवडतेस. रविवारी त्यांना हो म्हणू नकोस… हे बटण न दाबता सांगतोय."

"मलाही तू आवडतोस," मी म्हणाले. "पण उशीर फार लावतोस."

तो हसणार होता. तेवढ्यात त्याची नजर माझ्या मागं गेली आणि तिथंच थांबली. मी वळले. अण्णा उभे होते.

आभाळ भरून आलेलं बघून ते गाडी घेऊन मला न्यायला आले होते. सगळा वेळ ते त्या खोलीत, स्पीकरसमोरच्या बाकावर बसून होते. डोक्यावर गोणपाट, हात मागं बांधलेले. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, पायापासून डोक्यापर्यंत, सगळं जागेवर आहे ना म्हणून. मग प्रितमकडे.

"तू वर, आन् मी खाली," ते मला म्हणाले. "माज्या हातात काय बी न्हाई. ह्या पोराचं बोलणं तेवढं चालू व्हतं. त्येच ऐकत बसलो." मग त्याला विचारलं, "नाव काय म्हनलास?"

"प्रितम. प्रितम गायकवाड."

"कुठले गायकवाड?"

आमच्याकडे हा प्रश्न गावासाठी विचारत नाहीत. गायकवाड सगळ्यांत असतात. कुठले म्हटलं की समोरच्यानं काय ते समजायचं आणि समजूनच उत्तर द्यायचं. गावाचं नाव सांगून निसटायची वाट असते, निदान त्या दिवसापुरती. पुष्कळ लोक निसटतात. त्यानं गावाचं नाव सांगितलं असतं तरी मी त्याला दोष दिला नसता… पण मला वाईट वाटलं असतं.

"आम्ही बौद्ध आहोत, काका," प्रितम म्हणाला. आवाज अगदी सरळ होता. आधी नाही, नंतर नाही, एवढं एकच वाक्य.

अण्णा पावसाकडे बघत राहिले. तेव्हा मीच म्हणाले, "अण्णा, माणच्या लोकांना येऊ नका म्हणून सांगा. मला ह्याच्याशी लग्न करायचंय."

शेडमधून कुणीतरी डोकावलं आणि पटकन मागं झालं. अण्णांनी डोक्यावरचं गोणपाट काढलं, झटकलं आणि घडी घालत म्हणाले, "गावात लई बोलत्याल. तुजी आय तर जेवायची न्हाई दोन दिस."

"माहितीये."

"तिला तू सांगायचं. मी न्हाई सांगनार." गोणपाटाची घडी झाली. "मी शेजारी बसंन."

मला एकदम रडू आलं. अण्णांनी ते बघितलं नाही असं दाखवलं आणि प्रितमला म्हणाले, "फटफटी ऱ्हाऊ दे हितंच. पाऊस लई हाय. बस गाडीत, सोडतो."

"नको काका, माझं घर पिंपरीत, उलटं पडेल तुम्हाला," तो म्हणाला.

"बस म्हनतोय ना."

तो पुढं अण्णांच्या शेजारी बसला, मी मागं. विमानातसुद्धा गप्प न राहणारा हा मुलगा हात मांडीवर ठेवून चिडीचूप. काचेवर वायपर फिरत होते. फाट्यावर आलो. डावीकडे आमचं गाव, दोन मिनिटांवर. अण्णांनी तिकडं एकदा बघितलं, गिअर बदलला आणि गाडी उजवीकडे, पिंपरीच्या रस्त्याला घातली.

"तुज्या घरी कोन कोन असतं?" त्यांनी विचारलं.