सेव्ह न केलेली धून

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आधीच ऐकून ठेवावं... हे घडलं रविवारी, भरदुपारी. चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. गॅलरीत कपडे वाळत होते आणि खाली कोणीतरी गाडी धूत होतं.

ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा मावसभाऊ. गळ्यात कायम कसली ना कसली केबल लोंबत असते, म्हणून घरात सगळे त्याला वायरमन म्हणतात. जाहिरातींचे आवाज साफ करून देणं हा त्याचा धंदा. बाहेरच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळी सिस्टीम. दुसरं काही वापर म्हटलं की कपाळाला आठ्या.

आतल्या खोलीत त्याची थोरली बहीण असायची. आम्हा सगळ्यांचीच ताई.

ताईला कॉम्प्युटरचा मनस्वी कंटाळा. "दिवसभर ऑफिसात तेच तोंड बघायचं आणि घरी येऊन गाणंही त्याच्यावरच करायचं? नाव नको," म्हणायची. तिच्याकडे टेबलावरचं एक यंत्र होतं. रबरी पॅड, छोटा पडदा, बस्स. पॅडवर बोटं मारायची, ताल धरायचा, त्यावर एकेक सूर चढवत जायचं. कॉम्प्युटर लागतच नाही.

दोघांनीही लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर एकमेकांना धरून राहिले. भांडायचेही भरपूर.

वायरमनचा लकडा एकच. "ताई, सेव्ह कर गं."

"वाजतंय ना? मग आहे ते."

एक दिवस ती वाजवता वाजवताच कोसळली. यंत्रही टेबलावरून खाली आलं. पडदा फुटून काळा झाला, पण आतला पंखा घरघरत राहिला.

अँब्युलन्समध्ये तिनं त्याचा हात धरला.

"बंद करू नकोस रे... सेव्ह केलेलं नाही."

हॉस्पिटलच्या दारापर्यंतही ती पोचली नाही.

आता अडचण बघा. यंत्र बंद केलं की धून गेली. सेव्ह करायचं तर पडद्यावर बोट टेकवावं लागणार आणि पडदा मेलेला. धून तुकड्या-तुकड्यांत होती; बटण दाबलं तर पहिला तुकडाच गोल गोल वाजत राहायचा, पुढचे तुकडेही पडद्यावरूनच निवडायचे. कंपनीचं सॉफ्टवेअर जोडायला गेलं तरी यंत्राच्या पडद्यावर 'हो' म्हणावं लागे. आणि ते सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नव्हतं.

हेल्पलाइनवाला म्हणाला, "सर, तुम्ही साधा कॉम्प्युटर का नाही घेत?"

वायरमननं फोन आपटला.

मग यंत्र उचलून त्यानं परत टेबलावर ठेवलं. लाईट गेली तरी चालावं म्हणून बॅटरी लावून दिली. त्यातून एक नेटवर्कची तार काढून दाराखालून बाहेर आणली, आपल्या कॉम्प्युटरजवळच्या इंटरनेटच्या डबीत खोचली आणि आतल्या खोलीचं दार लावून घेतलं. आत जायची हिंमत होत नव्हती त्याची. रोज सकाळी दाराला कान लावायचा.

पंख्याची घरघर ऐकू यायची. मग चहा ठेवायचा.

महिनोन् महिने तो त्या यंत्राची भाषा शिकत बसला. ते तारेवरून काय बोलतं, त्याला काय सांगितलं की ते ऐकतं... सगळा प्रोग्राम स्वतः लिहिला. नातेवाइकांचे फोन घेईना. आम्ही म्हणायचो, याच्या डोक्यावर परिणाम झालाय. खरं तर त्याला फार एकटं वाटत होतं, एवढंच. ती धून हातात आली की ताईचं काहीतरी उरेल असं त्यानं धरून ठेवलं होतं.

त्या रविवारीही सकाळी घरघर ऐकली. दुपारी त्यानं प्रोग्राम चालू केला.

आणि यादीत यंत्राचं नाव उमटलं.

त्यानं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि यंत्राला वाजायला सांगितलं. पहिला तुकडा, दुसरा, तिसरा... सगळे ओळीनं वाजले. ताईचाच हात. ठेका किंचित पुढे पळणारा, मग सावरून घेणारा.

मध्येच धून थांबली. ताई कोसळली ती जागा.

त्यानं रेकॉर्डिंग थांबवलं. फाइल सेव्ह केली, दोनदा तपासली. मग टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला.

तेवढ्यात...

धप्.

स्पीकरमधून आवाज आला. एकच.

त्यानं मान वर केली. कॉम्प्युटरवर, पॅड दाबलं की जी रेघ उठते, ती उठून खाली येत होती.

"तार ढिली असेल," तो स्वतःशीच म्हणाला.

धप्... धप्.

त्यानं काही वाजवायला सांगितलेलंच नव्हतं.

 तारेचा माणूस तो, आधी तारच तपासणार. उठला आणि इतक्या महिन्यांनी आतल्या खोलीचं दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. खुर्ची रिकामी, टेबलावर धूळ.

काहीतरी चुकत होतं. काय, ते कळायला त्याला वेळ लागला...

घरघर नव्हती.

त्यानं यंत्रावर हात ठेवला. गार. अडॅप्टर काळा पडून वितळलेला आणि तोही गार. जळाल्याचा वाससुद्धा उरला नव्हता. त्या काळ्या डागावर धूळ बसली होती.

यंत्र आज बंद पडलेलं नव्हतं. केव्हाच पडलं होतं.

मग रोज सकाळी दाराला कान लावून तो काय ऐकत होता?

आणि बाहेरच्या खोलीत... धून सुरू झाली.

थांबली होती तिथून पुढची.

तो बाहेर आला. तारेच्या डबीवरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. रेघा उठत होत्या, कमीजास्त, कधी हलक्या, कधी ठाशीव. यंत्र आपलं आपण वाजतं तेव्हा पॅडच्या रेघा उठत नाहीत. या बोटांच्या होत्या.

त्याला पहिली आठवण झाली ती रेकॉर्डिंगची. हात माऊसकडे गेला.

धून थांबली.

हात मागे घेतला... सुरू झाली.

पुन्हा पुढे केला. थांबली.

"ताई, करू दे ना गं," तो म्हणाला. "एकदाच. मग काही मागणार नाही."

 खाली गाडी धुणाऱ्याची बादली खणखणली.

शेवटी त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ऐकत बसला.

तिनं धून शेवटपर्यंत नेली. मग यादीतून यंत्राचं नाव गेलं. हिरवा दिवाही विझला.

हे सगळं त्यानं मला आठवड्यानं सांगितलं. दुरुस्तीवाल्यानं यंत्र उघडून हात टेकले होते. आतलं सगळं जळून गेलंय आणि जळूनही बरेच महिने झालेत, म्हणाला. कॉम्प्युटरमधली अर्धी धून मात्र मी स्वतः ऐकली. ती आहे.

"आणि पुढची कशी होती?" मी विचारलं.

"छान होती."

"गुणगुणून तरी दाखव."

त्यानं तोंड उघडलं. पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "ऐकताना येते. नंतर राहत नाही."

ऐकताना, म्हणजे? मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता दर रविवारी दुपारी त्याचा फोन बंद असतो. गेल्या वेळी न राहवून मी गेलोच. यंत्र दुरुस्तीवाल्याकडेच पडून आहे, घरात नुसती तार. चौथा मजला चढलो, बेलवर बोट ठेवणार, तोच थांबलो.

आत गाण्याचा आवाज नव्हता. कसलाच नव्हता. मी दाराला कान लावून खात्री केली.

आणि त्या शांततेत वायरमन मनापासून हसला.

"अगं, जरा हळू," तो म्हणाला. "घाई काय आहे? मी कुठे जातोय?"

मी बेल न वाजवताच खाली उतरलो.