नवरदेवाच्या बदलीवर

माणूस स्वतःऐवजी दुसऱ्याला कुठेही पाठवू शकतो. कचेरीत, बाजारात, मयतीला, वेळ पडली तर मतदानालासुद्धा. पण प्रेमाच्या दारात ज्याचं त्यालाच उभं राहावं लागतं, हे सनातन सत्य आहे. कुंभार पिंपळगावच्या साहेबरावांना ते कोणी कळवलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या मुलासाठी मुलगी बघायला पुतण्याला पाठवलं.

मुलगा संपत दोहाच्या एका शाळेत कायम नोकरीत होता आणि त्याला रजा मिळत नव्हती. पुतण्या आदिनाथ त्याच शाळेत काही दिवस बदली शिक्षक होता आणि परत येऊन घरी बसला होता. साहेबरावांचा गुडघा सुजलेला. तिकडचं काही विचारलं तर याला बराबर सांगता येईल, असा त्यांनी हिशेब मांडला. आईबाप लहानपणीच गेलेल्या आदिनाथला याच काकांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. द्वारकाकाकूंनी त्याच्या अंगावर संपतचा ठेवणीतला पांढरा शर्ट चढवला आणि दोघं बसमध्ये बसले.

अंबडला उतरल्यावर काकू पेढे घ्यायला दुकानात शिरल्या. आदिनाथ शेजारच्या मैदानाच्या भिंतीला टेकून उभा राहिला, तोच वरून एक फुटबॉल आला. त्याने विचारबिचार केला नाही. छातीवर झेलला, पायावर उतरवला आणि अलगद पलीकडे पाठवून दिला... पलीकडचा गलका थांबला. मग फाटकातून एक मुलगी बाहेर आली. गळ्यात शिट्टी, केस कसेतरी वर बांधलेले, आणि नजर अशी, की आदिनाथला मे महिना जरा सौम्य वाटला.

"कुठं खेळता?"

"खेळत न्हाई. बघतो." मग त्याला खरं बोलायची उबळ आली. "म्हणजे... बघायला गेल्तो."

तिने त्याच्या छातीवर उमटलेला धुळीचा गोल ठसा पाहिला. "शर्ट गेला की तुमचा."

"माझा न्हाई."

"मंग जाऊ द्या," ती म्हणाली आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून आत गेली.

तासाभराने कोर्टामागच्या एका घरात पोह्यांचा ट्रे घेऊन तीच समोर आली. आता साडी होती, वेणी होती. ट्रेमधले चमचे मात्र किणकिणले, कारण तिची नजर पाहुण्याच्या तोंडाआधी शर्टावर गेली. नाव दैवशाला, मुलींना फुटबॉल शिकवते, असं तिच्या वडिलांनी सांगितलं. कोर्टात कारकुनी केलेले हे गृहस्थ नियमाला धरून वागणारे. त्यांनी नियमाप्रमाणे संपतची चौकशी केली आणि नियमाप्रमाणेच म्हणाले, आता मुलामुलीला पाच मिनिटं बोलू द्या.

मुलगा दोहात आहे, हे सगळ्यांना एकदमच आठवलं. पण काकूंना कुठलाही विधी अर्धा ठेवणं पसंत नव्हतं. "आदिनाथ बोलंल की," त्या म्हणाल्या. "तिकडंबी त्यो संपतच्याच जागी उभा राह्यचा."

गच्चीवर कुरडया वाळत होत्या. दोघं त्यांच्यामधून वाट काढत कठड्याशी गेले. वारा गरम होता आणि आदिनाथचे कान त्याहून गरम.

"विचारा," दैवशाला म्हणाली. "स्वयंपाक येतो का, ते नका विचारू. येत न्हाई."

"संपत फार चांगला हाय," आदिनाथ म्हणाला. पाठ केलेलं तेवढंच होतं.

"फुटबॉल बघतात का ते?"

"बघितला की. आपल्या देशाची मॅच, स्टेडियममध्ये बसून."

"कशी झाली?"

आदिनाथने एका कुरडईकडे बघितलं. तिने काही मदत केली नाही. "त्याला... डुलकी लागली."

"आणि तुम्ही?"

"मी त्याचा वर्ग घेऊन राह्यल्तो."

मग ते हळूहळू बाहेर आलं. आशिया खंडाची स्पर्धा दोहात भरणार, म्हणून तर तो बदलीची नोकरी धरून तिकडं गेला होता. शिकवायचं थोडं आणि मॅच बघायच्या सगळ्या, असा बेत. पण मॅचच्या दिवशी कायम नोकरीवाले शिक्षक नेमके आजारी पडायचे आणि बदली शिक्षकाला नेमकी तेव्हाच हाक यायची. भारताच्या मॅचचं तिकीट त्याने काढलंच होतं, तर संपत म्हणाला की वाया कशाला घालवतो, दे इकडं.

"मंग मी खिडक्या उघडल्या," आदिनाथ म्हणाला. "भूगोलाचा तास होता. पोरांना म्हटलं, नकाशे राहू द्या... ऐका. स्टेडियम जवळच होतं. आधी सगळे मिळून श्वास ओढून धरतात, ते कळतं. मंग एकदम आवाज येतो. गोल झाला तर तो वर जातो. चुकला तर खाली बसतो."

"आपला किती वेळा वर गेला?"

"एकदाबी न्हाई. पण पोरं शेवटपर्यंत खिडकीतून हलली न्हाईत."

दैवशाला त्याच्याकडेच बघत होती. वाऱ्याने कपाळावर आलेली बट तिने मागे सारली नाही, आणि आदिनाथला ती मागे सारावीशी वाटली — आणि त्याच क्षणी आपण कुणाच्या शर्टात उभे आहोत ते आठवून त्याला इतकी लाज वाटली, की तो पुढं काही न विचारताच जिना उतरला.

परतीच्या बसमध्ये काकू मुलीची तारीफ करत होत्या आणि तो खिडकीबाहेर बघत होता. मुलगी जरा लंगडते, असं काकांना सांगावं, म्हणजे विषयच मिटेल, हा विचार वडीगोद्रीच्या अलीकडे आला. पलीकडे गेल्यावर त्याला त्या विचाराचीही लाज वाटली. ज्याच्या ताटात जेवलो, त्याच्या घरात हे...

घरी काकांनी गुडघ्याला लेप लावत विचारलं, "कशी हाय पोरगी?"

"काका, मला माफ करा," आदिनाथ म्हणाला आणि सगळं सांगून टाकलं. तिकिटाचं नाही सांगितलं. ते काकूंनी सांगितलं, कारण गच्चीचा जिना उघडा होता आणि त्यांचे कान शाबूत होते.

साहेबराव लेप वाळेपर्यंत गुडघ्यावर फुंकर मारत राहिले. आदिनाथला वाटलं, आता हे घर सुटलं.

"तिला संपतच पाहिजे असला तर? बाजूला होशील?"

"बिलकुल होईन."

"तिला विचारलंस काय?"

"न्हाई."

"मंग माझ्यापुढं काय रडून राह्यला? लाव फोन. स्पीकरवर टाक."

प्रेमाची कबुली चुलत्यासमोर स्पीकरवर देणं, याहून मोठी शिक्षा कोर्टामागच्या त्या गृहस्थांनाही सुचली नसती. वडिलांनी फोन मुलीकडे दिला. आदिनाथला जन्मभराचं वळण आडवं आलं.

"दैवशालाताई —"

काकूंनी कपाळावर हात मारला.

"ताई?" पलीकडून आवाज आला. "ताई म्हणणार असाल तर उत्तर न्हाई हाय."

"आणि... न्हाई म्हटलं तर?"

फोनमध्ये नुसता श्वास ऐकू आला, ओढून धरलेला.

"मी बाबांना मघाशीच सांगितलं," ती हलक्या आवाजात म्हणाली. "दोहावाल्यांना नकार कळवा, म्हटलं. त्यांच्या वतीनं जे आल्ते... ते स्वतःच्या वतीनं कवा येतात, तेवढं विचारा."

 आदिनाथची लाज अजून होतीच, फक्त आता ती मान खाली घालून हसत होती. त्याने काकांकडे बघितलं. साहेबराव भिंतीकडे बघत होते. पोटच्या पोराला फोनवर काय सांगायचं, याची जुळवाजुळव त्यांच्या तोंडावर दिसत होती.

"संपतला मी बघतो," ते अखेर म्हणाले. "त्यानं तुझं तिकीट घेतलं आन् वरून तिथं झोपला, हे मला ठाऊक नव्हतं." मग थोडा वेळ गुडघा चोळून, घसा खाकरून, "बोलणं झालं असंल तर उठ, आन् तेवढं कूलरमध्ये पाणी टाक."