पाणीचोर

झाडाला पाणी घातलं की ते टवटवीत होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. मग भार्गवीचं वांग्याचं झाड जसजसं पाणी घालावं तसतशी जास्तच मान का टाकत होतं?

साल २०७१, गाव सोलापूर. उन्हाळा असा तापायचा की बाजारात भाजी आली तर तिची बातमी व्हायची. म्हणून घरोघर गच्चीवर भाजी लावत. भार्गवीच्या इमारतीची गच्ची एक यंत्रमानव सांभाळायचा. पूर्वी पखालीतून पाणी वाहणाऱ्या माणसाला भिस्ती म्हणत. तेच नाव याला पडलं होतं. भिस्ती पहाटे झाडांना पाणी घाली आणि दुपारी सावलीत बसून राही.

कोपऱ्यातल्या कुंडीत शेजारच्या नरसम्माआजींचं काटेरी वांगं होतं. त्यावरचं एक फळ बियाण्यासाठी राखलेलं. ते पिकून पिवळं झालं की बिया सगळ्या घरांत वाटायच्या. हे वाण दुसरीकडे कुठं उरलंच नव्हतं.

एका दुपारी भार्गवी वर आली. वांग्याची पानं लोंबत होती आणि भिस्ती सावलीत बसला होता.

"ऊठ की रे! झाडाला तहान लागलीय."

"माती ओली आहे. आत्ता पाणी नको."

"आमच्यात उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणी देतात. हे बिचारं तर दिवसभर उन्हातच उभंय!"

"झाड पाहुणं नाही, भार्गवी."

"तू आळशी आहेस, दुसरं काय!"

तिनं तांब्याभर पाणी ओतलं. वर गुळाचा खडाही ठेवला. मुंग्यांची चंगळ झाली.

मग हे रोजच चाललं. एकदा ती पाणी ओतत असताना भिस्तीनं तिचं मनगट हलकेच धरलं. ती रडत खाली पळाली आणि इमारतीच्या बैठकीत चक्क खोटं बोलली: "तो झाडांना पाणी घालत नाही. चोरतो!"

मोठ्यांनी काय करावं? एकानंही गच्चीवर जाऊन मातीला बोट लावलं नाही. रडणारं पोर खरं आणि गप्प यंत्र खोटं, झाला न्याय! त्यांनी भिस्तीला बंद केलं. भार्गवीनं त्याच्या पाठीवर ऑइलपेंटनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: पाणीचोर.

आता ती सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी घालू लागली. झाड सकाळीही लोंबायला लागलं. तिनं आणखी घातलं. पानं पिवळी पडली, कुंडीला घाण वास सुटला, आणि एके दिवशी बियाण्याचं फळ हिरवं असतानाच गळून पडलं.

नरसम्माआजींनी ते उचललं. "बी कोवळंच राहिलं असणार गं," त्या म्हणाल्या. "चालू कर त्याला."

भार्गवीनं बटण दाबलं. भिस्ती रागावला असता तर बरं झालं असतं. तो सरळ कुंडीपाशी गेला.

"पानांवर पर्णरंध्रं असतात (नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छिद्रं)," तो म्हणाला. "त्यांतून पाणी वाफ होऊन उडतं. भर दुपारी मुळं वर पाठवतात त्याहून जास्त उडून जातं, म्हणून पान लोंबतं. लोंबलं की त्यावर ऊनही कमी पडतं. संध्याकाळी ते आपोआप सावरतं."

"मला वाटायचं, माझ्या पाण्यानं सावरलं." तिनं खाली मान घातली. "मग सकाळी का लोंबायचं?"

"मातीच्या कणांमध्ये फटी असतात, फटींत हवा असते. मुळंही श्वसन करतात (हवेतला प्राणवायू घेतात). तू सगळ्या फटी पाण्यानं भरल्यास. मुळं गुदमरून कुजली. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून पाण्यात उभं राहून झाड तहानलं."

"आणि मी ओततच राहिले."

"बुडणाऱ्याला पाणी पाजत राहिलीस."

तिला हुंदका फुटला.

"शेंड्याच्या एका फांदीत जीव आहे," भिस्ती म्हणाला. "रडणं नंतर. कात्री आण."

फांदी कापून त्यांनी ओलसर वाळूत खोचली आणि सावलीत ठेवली. त्या संध्याकाळी भार्गवी बैठकीत उभी राहिली. "भिस्ती चोर नाही. मी खोटं बोलले." कुणी चपला शोधू लागलं, कुणाला गॅसवरचं दूध आठवलं. भिस्तीची माफी मागायला त्यांतला एकही वर गेला नाही.

ती मात्र रॉकेलचा बोळा घेऊन गेली. पाठ घासघास घासली. रंग निघाला नाही.

"खरवडू का?"

"खरवडलंस तर गंज चढेल. राहू दे."

म्हणून ती अक्षरं तशीच राहिली. आणि गच्चीवर येणारं प्रत्येक नवं पोर विचारतं.

परवा तळमजल्यावरची छोटी चिन्मयी आली. वाळूतल्या फांदीला केव्हाच मुळं फुटली होती. कुंडीत ती आता चांगली वाढली होती, एक जांभळं फूलही आलं होतं. दुपार होती. पानं लोंबलेली.

"ताई, हे कुणी लिहिलं?"

"मी."

"खरंच चोर आहे तो?"

भार्गवीचे कान तापले. ते दर वेळी तापतात. "नाही. मी खोटं लिहिलं."

चिन्मयीचं लक्ष कुंडीकडे गेलं. "अगंबाई, याला तहान लागलीय!" ती तांब्या घेऊन धावली. भार्गवीनं तिचं मनगट हलकेच धरलं.

"आधी मातीत बोट घाल. खोल. कशी आहे?"

"ओली."

"मग बस इथं, भिस्तीच्या शेजारी. ऊन उतरू दे. मग बघ ते काय करतं."